साडेतीनशे रुपयांची मॅशेटी: एका काजूबागेतलं प्रकरण

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माझ्या चुलतकाकांची काजूची बाग आहे. उतारावरची, जांभ्या दगडाची, अध्येमध्ये उघडा कातळ. पाऊस ओसरला की झाडांखाली माणूसभर उंच रानमोडी उभी असते, तिच्यात घाणेरी, वर चढलेले वेल आणि कडेकडेने गवत. काजूची बी कोणी झाडावरून तोडत नाही. बोंड पिकून खाली पडतं, ते वेचायचं आणि बी पिरगळून वेगळी करायची. म्हणून फेब्रुवारीत वेचणी सुरू होण्याआधी झाडाखालची जमीन उघडी करावी लागते. ती झाली नाही तर बी झुडपांत हरवते, मजुरी तेवढीच लागते आणि पोतं अर्धंच भरतं.

काकांकडे गावच्या लोहाराने घडवलेला चांगला कोयता आहे. तरी रानमोडीसाठी म्हणून त्यांनी एका ऑक्टोबरात बाजारातून लांब, सरळ, पातळ पात्याचा कोयता आणला. दुकानदार त्याला मॅशेटी म्हणतो. पातं १८ इंच, मूठ लाकडी, किंमत साडेतीनशे रुपये. लोहाराच्या कोयत्याला याच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात. थोड्याच दिवसांत ही मॅशेटी पडवीत खुंटीला लागली. काकांचं म्हणणं एका वाक्यात होतं, "ह्येच्यान गवत तुटना नाय, नुसता वाकता." तळहात पुढे केला तर अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीखाली फोड आलेले.

मी फिटरचं काम करतो, त्यामुळे अशी हत्यारं माझ्याकडे येत असतात. माझं मत असं बनलं आहे की स्वस्त हत्यारात पोलाद बहुतेक वेळा कामापुरतं असतं, कपात होते ती शेवटच्या तासाच्या हातकामात. धार नीट उतरवणं, मूठ हाताला बसेल अशी घडवणं, फटी बुजवणं, हे वेळखाऊ काम कारखाना करत नाही. ते घरी करता येतं. त्याला कानस, धारेचा दगड, हातोडी, पॉलिश पेपर आणि दोन क्लँप पुरतात. काकांच्या मॅशेटीवर काय केलं, काय मुद्दाम केलं नाही आणि बागेत त्याचं काय झालं, ते इथे मांडतो.

हत्यार मुळात कुठलं

मॅशेटी हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या शेतकऱ्याचं रोजचं हत्यार. ऊस, केळी, कॉफी, कुरणांची सफाई, सगळीकडे तीच. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात कॉलिन्सव्हिल इथे १८२६ साली कुऱ्हाडी बनवण्यासाठी कॉलिन्स कंपनी निघाली. पुढे तिच्या मॅशेटी लॅटिन अमेरिकेत घरोघरी पोचल्या. १९६६ मध्ये ती बंद झाली. आज याच कामात ब्राझीलच्या त्रामोंतिना कंपनीचं नाव मोठं आहे, ती १९११ सालची. आपल्या बाजारात मिळणाऱ्या सरळ मॅशेटींचा घाट याच घराण्यातला आहे.

आता हे पाहा. काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते आपल्या किनाऱ्यावर आणलं. रानमोडी आणि घाणेरी याही अमेरिकेतल्याच उष्ण प्रदेशातल्या. म्हणजे काकांच्या बागेत जे वाढतं आणि जे काढायचं असतं, ते बरंचसं मॅशेटीच्याच मुलखातलं आहे. काकांनी हत्यार चुकीचं निवडलं नव्हतं.

आपला कोकणी कोयता वेगळ्या कामाचा. पाठीला पाच-सहा मिलिमीटर जाड, पुढे वजन, टोकाला आकडा. फांदी तोडणं, बांबू फोडणं, नारळ सोलायला घेणं, चिवं काढणं, यात तो वजनावर काम करतो. मॅशेटीचं पातं जेमतेम २ मिलिमीटर असतं, ती वेगावर काम करते. हिरव्या, कोवळ्या दांड्याला मागून आधार नसतो. पातं सावकाश आलं किंवा बोथट असलं तर दांडा मागे झुकतो आणि पातं त्याच्यावरून निसटतं. जाड कोयता बोथट असला तरी वजनाच्या जोरावर थोडंफार उरकतो. पातळ पात्याला तीही सोय नाही. काकांच्या तक्रारीचं मूळ इथे होतं.

आधी परीक्षा

हात लावण्यापूर्वी पोलाद बघितलं. मऊ लोखंडाच्या पत्र्यावर कितीही मेहनत घेतली तरी धार संध्याकाळपर्यंत टिकत नाही, मग ती मेहनत फुकट जाते.

पहिली परीक्षा वाकवण्याची. पात्याचं टोक गोठ्याच्या लाकडी खांबाच्या खाचेत अडकवलं आणि मूठ बाजूला ओढली. पातं दीड-दोन इंच वाकलं आणि सोडल्याबरोबर सरळ झालं. मऊ लोखंड आणि कमानीचं पोलाद सारख्या जोराला जवळजवळ सारखंच वाकतं, फरक जोर काढल्यावर कळतो. मऊ पत्रा तसाच वाकडा राहतो. ही परीक्षा डोळ्यांवर गॉगल लावून आणि आजूबाजूला पोरं नसताना करावी. पाणी, म्हणजे तापवून-विझवून पोलादाला दिलेला कडकपणा, जास्त झालेलं पातं मोडूही शकतं.

दुसरी कानशीची. कानस पात्यावर घसरली, काचेवर फिरल्यासारखी, तर पातं फार कडक. खोल रुतून जाड किसा काढू लागली तर फार मऊ. इथे कानस धरून चालत होती, किस बारीक निघत होता. या जातीच्या हत्याराला एवढंच पाणी हवं असतं, कारण शेतात बसून कानशीने धार काढता आली पाहिजे आणि दगडावर आपटल्यावर धारेचा तुकडा उडता कामा नये.

तिसरी ठिणग्यांची. पाठीवर, मुठीजवळ, ग्राइंडर क्षणभर टेकवला. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, फारसे फाटे नसलेल्या असतात. कार्बन जास्त असेल तर ठिणगी आखूड पडते आणि टोकाला फुटून तिचे फाटे होतात. या पात्याच्या ठिणग्या भरपूर फुटत होत्या. तिन्ही परीक्षा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या: पोलाद कामाचं आहे. उलट निकाल आला असता तर मी काकांना ती मॅशेटी वाळलेलं शेण खरवडायला ठेवा आणि लोहाराकडे जा असं सांगितलं असतं.

धार

मॅशेटी उन्हात धरून धारेकडे वरून पाहिलं. टोकापासून मधल्या भागापर्यंत एक पांढरी रेघ चमकत होती. खऱ्या धारेला चमकायला जागाच नसते. जिथे रेघ चमकते तिथे दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांना भेटलेले नसतात, मध्ये सपाट पट्टी उरलेली असते. ही मॅशेटी ज्याला लोक बोथट झाली म्हणतात तशी नव्हती. तिला धार कधी लावलेलीच नव्हती, नुसता कोन मारून ठेवला होता.

तो कोनही बघू. पातं २ मिलिमीटर जाड, प्रत्येक बाजूचा उतार सुमारे दीड मिलिमीटर रुंद. गणित केलं तर दोन्ही बाजू मिळून कोन ६७ अंशांच्या आसपास येतो. लोखंड तोडायच्या छिन्नीला साधारण एवढा कोन असतो. हिरवा दांडा कापायला तो अर्ध्याच्या जवळ यायला हवा. तेवढ्याच जाडीच्या पात्यावर उतार ३ मिलिमीटर रुंद केला की एकूण कोन ३७ अंशांवर येतो. उताराची रुंदी पट्टीने मोजता येते, त्यामुळे कोन मोजायचं साधन घरी नसलं तरी अडत नाही. माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे: कोनाचा अंदाज बांधत बसू नका, उतार मोजा.

मात्र पूर्ण लांबीला एकच कोन ठेवला नाही. मुठीला लागून असलेले दोन इंच धारेविना ठेवले. ओला हात मुठीवरून पुढे सरकला तर बोट त्याच भागावर जातं. त्यापुढचा चार-पाच इंचांचा भाग खुंटा तासायला, वाळकी फांदी छाटायला लागतो, तिथे उतार २ मिलिमीटरच्या किंचित वर ठेवला, म्हणजे दोन्ही बाजू मिळून कोन ५० अंशांच्या जरा आत. मधला मोठा भाग ३ मिलिमीटरचा. आणि शेवटचा इंचभर पुन्हा जाड कोनाचा, कारण रानमोडी बुडातून काढताना टोक जांभ्यावर आपटणारच. जांभा मऊ वाटतो, पण त्यातले लोखंडी खडे धारेला खच्चून दात पाडतात.

काम असं केलं. पडवीतल्या बाकावर फळी ठेवली, फळीवर मॅशेटी आडवी, धार फळीच्या कडेबाहेर बोटभर आलेली, वरून दोन सी क्लँप. पात्यावर कारखान्याचं लॅकर होतं, ते तसंच राहू दिलं. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात पात्याला मिळालेलं फुकटचं संरक्षण खरवडून काढण्यात शहाणपण नाही. फक्त उताराचा भाग काळ्या मार्करने रंगवला. कानशीचे चार हात मारले की शाई कुठे उडाली ते दिसतं. शाई वरच्या काठावरून उडत असेल तर कानस फार आडवी धरली आहे, धारेकडून उडत असेल तर फार उभी.

कानस १० इंची, चपटी, बास्टर्ड म्हणजे मध्यम जाड दात्यांची. तिला लाकडी मूठ असलीच पाहिजे. उघड्या शेपटीची कानस अडली की शेपटी तळहातात घुसते, हे मी वर्कशॉपमध्ये डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे आणताना उचलायची, घासत आणली तर दाते मरतात. दात्यांत किस अडकू नये म्हणून आधी खडू घासून घ्यायचा आणि अधूनमधून तारेच्या ब्रशने झाडायची. डाव्या हातात चामड्याचा हातमोजा, कारण काम जसं पुढे जातं तशी फळीबाहेर आलेली कड धारदार होत जाते आणि लक्ष मात्र कानशीकडे असतं.

एका बाजूने उतार घेत राहिलं की दुसऱ्या अंगाला लोखंडाची बारीक कड उलटते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. नखाने पाठीकडून धारेकडे अलगद चाचपलं की नख अडतं. संपूर्ण लांबीला बर आली म्हणजे त्या बाजूचं काम झालं, त्याआधी मॅशेटी उलटायची नाही. बहुतेक घरगुती धारा इथेच फसतात. माणूस दोन हात या बाजूने, दोन त्या बाजूने असं करत राहतो, बर कुठेच येत नाही आणि मधली सपाट पट्टी जशीच्या तशी राहते. दोन्ही बाजू उतरल्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दुहेरी कार्बोरंडम दगड पाण्यात भिजवून घेतला. जाड बाजूने कानशीच्या रेघा मोडल्या, बारीक बाजूने बर काढली. तिथे थांबलो. हिरव्या रानाला आरशासारखी धार लागत नाही, दगडाने ठेवलेले सूक्ष्म दाते चिवट सालीत चांगले रुततात. शेवटी पुन्हा उन्हात धरून पाहिलं. पांढरी रेघ कुठेही नव्हती.

ग्राइंडरचं काय

काकांच्या मुलाने मध्येच विचारलं, "दादा, ग्राइंडरान पाच मिनटात होयत ना?" त्याला गोठ्याच्या माळ्यावरचा जुना कोयता काढायला सांगितला. तो कुणीतरी ग्राइंडरने पाजळलेला होता. धारेच्या कडेने निळी-जांभळी पट्टी, मध्ये दोन ठिकाणी करडी. त्या करड्या भागावर कानस टेकवली आणि एका हातात किसाचा ढीग निघाला. बाजूच्या भागावर तीच कानस कष्टाने चालत होती.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतो. धारेच्या कडेला लोखंड कागदासारखं पातळ झालेलं असतं, उष्णता मागे पळायला जागा नसते. पोलाद तापलं की आधी गव्हाळ रंग दिसतो, ३०० अंशांच्या आसपास निळा, त्यापुढे करडा. पातं ज्या तापमानाला उतरवून घेतलेलं असतं त्याच्यापुढे धार तापली की तिथलं पाणी गेलं. निळ्यावरून करड्यावर जायला तिथे डोळ्याचं पातं लवायचा वेळ पुरतो, आणि नंतर पाण्यात बुडवून गेलेलं पाणी परत येत नाही. जाड कोयत्यावर सराईत हात फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) हलकी टेकवून, प्रत्येक हाताला पाण्यात बुडवून काम निभावून नेतो. २ मिलिमीटरच्या पात्यावर मी कानसच वापरतो. एका संध्याकाळचं काम आहे, त्यासाठी हत्यार पणाला लावायचं कारण नाही.

त्या जुन्या कोयत्यावर उपाय आहे: करडा भाग पूर्ण जाईपर्यंत कानशीने मागे जायचं. पातं थोडं अरुंद होतं, पण खालचं चांगलं पोलाद उघडं पडतं. मुलाने पुढच्या आठवड्यात ते स्वतः केलं.

मूठ

फोड धारेमुळे आले नव्हते, मुठीमुळे आले होते. दोन लाकडी फाकी, मध्ये पात्याची शेपटी, तीन ॲल्युमिनियमचे रिव्हेट. फाकींचे कोपरे चौकोनी, वर चकचकीत वार्निश. हात घामाने ओला झाला की अशी मूठ फिरते, ती फिरू नये म्हणून माणूस घट्ट आवळतो, आणि आवळलेल्या हाताला कोपरे टोचतात. मधला रिव्हेट ढिला होता, मूठ कानाजवळ धरून हलवली तर टकटक ऐकू येत होतं.

आधी रिव्हेट. खाली ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा ठेवला, वरून हलक्या हातोडीने रिव्हेटच्या डोक्याच्या कडेकडेने छोटे ठोके दिले. मध्ये जोरात मारलं तर लाकूड चिरतं. टकटक थांबली. मग फाकी आणि शेपटी यांच्यातली फट. ती वरून किरकोळ दिसते, पण पावसाचं पाणी तिथून आत जातं, आतल्या आत शेपटी गंजते आणि एखाद्या दिवशी पातं मुठीतून सुटून जातं. असं पातं कुठे जाईल याचा नेम नसतो. मूठ दिवसभर उन्हात कोरडी केली, लाकडाचा भुसा अराल्डाइटमध्ये कालवून फटीत पुट्टीसारखा दाबून भरला आणि रात्रभर तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी घडण. लाकडाच्या जाड दात्यांच्या कानशीने चारही कोपरे उतरवले. मुठीचा छेद गोल केला नाही, अंड्याच्या आकाराचा केला, निमुळता भाग धारेकडे. त्यामुळे डोळे मिटून धरली तरी धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. मधला भाग पातळ केला आणि मागचं टोक जाड राहू दिलं. झोकात मूठ पुढे निसटू पाहते तेव्हा हा मागचा फुगवटा करंगळीला अडतो. घडवताना दर थोड्या वेळाने काकांच्या हातात देत होतो. माझा पंजा मोठा, त्यांचा लहान, माझ्या हाताला बरी वाटणारी मूठ त्यांना जाड झाली असती. तिसऱ्या-चौथ्यांदा धरल्यावर ते म्हणाले, "आता बसली." तिथे कानस ठेवली.

शेवटचा हात ८० नंबरच्या पॉलिश पेपरने. त्याहून गुळगुळीत केलं नाही, थोडा खरखरीतपणा घामात उपयोगी पडतो. वर रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड जवसाचं तेल, पातळ हात, पुसून, सुकवून, पुन्हा एकदा. खोबरेल घरात असतं म्हणून लोक तेच मुठीला लावतात, पण ते सुकत नाही, मूठ निसरडी राहते. जवसाचं तेल हवेत घट्ट होऊन लाकडात बसतं. घट्ट होतानाच ते उष्णताही सोडतं. त्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी दोरीवर पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून टाकावी. ही गोष्ट गावात फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून ठळक सांगतो. खोबरेल पात्याला लावावं, तिथे ते उत्तम.

मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. काकीही म्हणाल्या, "ट्यूब लावलंस तर हातात बरी बसात." कोरड्या दिवसांत बसतेही. पण पावसाळ्यात रबराखाली पाणी कोंडतं, लाकूड कुजतं, आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. नीट घडवलेल्या मुठीला तिची गरज पडत नाही.

जे केलं नाही

काकांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये पाठीला करवतीचे दाते असलेल्या मॅशेटीची चित्रं होती. तसे दाते पाडू का, असं त्याचं विचारणं होतं. नको म्हटलं. करवतीचे दाते आळीपाळीने दोन्ही बाजूंना झुकवलेले असतात, म्हणून कापलेली फट पात्यापेक्षा रुंद होते आणि करवत अडकत नाही. मॅशेटीच्या पाठीत कानशीने पाडलेले दाते सरळ रेषेत राहतात, अर्धा इंच लाकडात गेले की पातं जाम. शिवाय प्रत्येक खाच ही पुढे चीर सुरू व्हायची जागा. आणि पाठीवर डावा तळहात दाबून खुंटा तासायची सोय जाते.

टोक अणकुचीदार करायलाही नकार दिला. गोल टोक दगडावरून घसरतं, अणकुचीदार टोक वाकतं किंवा तुटतं. यात कायद्याचीही एक बाजू आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली शस्त्राची व्याख्या केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूंना वगळते. नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, तिथेही घरगुती आणि शेतीकामाची हत्यारं बाजूला काढलेली आहेत. शेतीचं हत्यार शेतीचंच दिसलं पाहिजे. त्याला दुधारी किंवा भोसकायच्या घाटाचं करणं बागेसाठी निरुपयोगी, आणि घरावर विनाकारण संकट आणणारं. बाजारातून आणतानाही मॅशेटी गोणपाटात बांधून आणावी, मोटारसायकलच्या हँडलला उघडी लटकवू नये.

मुठीच्या मागच्या टोकाला भोक पाडलं, पण ते खुंटीला अडकवायच्या दोरीपुरतं. ती दोरी मनगटात घालून काम करायची नाही, असं दोघांनाही बजावलं. हातातून सुटलेली मॅशेटी लांब जाऊन पडलेली बरी. मनगटाला बांधलेली असेल तर ती वळून पायावर येते.

म्यान

१८ इंचांचं पातं कमरेच्या आकडीत बसत नाही, आणि तशी उघडी मॅशेटी घेऊन उतारावरून चालणं धोक्याचं. पाणी फिरवायच्या ५० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा पडून होता. चपटा केला की आत सुमारे ७० मिलिमीटर रुंदीची जागा होते, ६० मिलिमीटरच्या पात्याला पुरेशी. पाइप आगीवर धरतात तसं केलं नाही, जळत्या पीव्हीसीचा धूर छातीला घातक असतो. ८० अंशांच्या आसपास हा पाइप मऊ पडतो, म्हणजे उकळतं पाणी पुरतं. तुकडा आंघोळीच्या बंबातल्या उकळत्या पाण्यात धरला, आत प्लायवूडची पातळ पट्टी सरकवली, दोन फळ्यांमध्ये दाबून वर जातं ठेवलं. निवल्यावर आकार कायम. तळाशी पाणी निघायला भोक, वर खांद्याला अडकवायची सुंभाची दोरी.

बागेत

पहिल्याच सकाळी फरक दिसला, पण मला अपेक्षित होता तेवढा नाही. रानमोडीचे दांडे एका झोकात जात होते. गवत आणि कोवळे शेंडे मात्र अजून थोडे झुकत होते, कारण काकांचा झोक कोयत्याचा होता: वरून खाली, वजनाने. मॅशेटीचा झोक तिरका, खालच्या अंगाला, मनगट शेवटी सोडून द्यायचं असतं. आणखी एक गोष्ट हवी होती. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला शेतकरी डाव्या हातात आकड्याची काठी धरतो, तिला तिकडे गाराबातो म्हणतात. त्या आकड्याने झुडूप आपल्याकडे ओढून ताणून धरायचं आणि उजव्या हाताने बुडात घाव घालायचा. ताणलेला दांडा झुकत नाही, आणि डावा हात पात्यापासून काठीभर लांब राहतो.

पेरूच्या झाडाची एक बेळक्याची फांदी तोडून तसा आकडा केला. गवत झुकायची तक्रार त्यानंतर आली नाही. विचार केला तर काकांच्या मूळ तक्रारीतला निम्मा भाग धारेचा होता आणि निम्मा या नसलेल्या आकड्याचा. मॅशेटी इथे आली, तिच्या जोडीची काठी तिकडेच राहिली. माझ्या मते हत्याराच्या दुरुस्तीइतकीच ही काठी महत्त्वाची, आणि तिला काही खर्च नाही.

मोकळ्या जागेत काका आता भाड्याचा ग्रासकटर लावतात. बुंध्यांभोवती आणि कातळाच्या फटींत मॅशेटी चालते, कारण तिथे ग्रासकटरचं पातं दगड उडवतं आणि झाडाची साल सोलतं. रानमोडी डिसेंबरच्या आसपास फुलते, ती बी धरायच्या आत एकदा बुडातून काढली की पुढच्या वर्षी थोडी कमी येते. बुंधे पुन्हा फुटतातच, त्यामुळे काम दरवर्षीचं आहे. गडी दोन असले तर एकमेकांपासून हात आणि पातं मिळून होणाऱ्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवतात, पायात गमबूट.

धार शेतातच राखली जाते. जेवणाच्या सुट्टीत काका कानशीचे पाच-सात हात दोन्ही बाजूंनी मारतात, दगड घरी. मार्करची शाई त्यांना आता लागत नाही. टोकाच्या इंचभर भागात जांभ्याने पाडलेले दोन दाते आहेत. ते घासून काढू नका असं सांगितलंय, कारण तेवढ्यासाठी अख्खं पातं मागे न्यावं लागेल. रोजच्या कानशीने ते हळूहळू निघून जातील.

एक पावसाळा गेल्यावर मूठ तपासली. अराल्डाइटची पुट्टी जागेवर आहे, आत पाणी शिरल्याची खूण नाही. पुढचा रिव्हेट मात्र किंचित हलतो. ॲल्युमिनियम मऊ असतं, ठोक्यांनी भोकात सैल होत जातं. तो काढून पितळी रिव्हेट घालायचा आहे, सावंतवाडीहून येताना आणायला सांगितला आहे. तोवर मॅशेटी पात्याला खोबरेल लावून म्यानाबाहेर टांगलेली आहे, कारण पावसाळी दिवसांत म्यानात ठेवलेलं पातं आतल्या ओलीने गंजतं.